दत्तूमामांचे दोन रंग

दत्तूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोट्याला कंपनीत होतो. मामीच बोलत होती. रडत नव्हती. “झोपेतच गेले रे. मिळेल ती गाडी पकड, पण ये,” एवढंच म्हणाली, तेही ओरडून, कारण माझ्या एका कानात दोष आहे असा आमच्या सगळ्या घराचा समज आहे. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मामा गेल्याचं दुःख व्हायच्या आधी मला लाज वाटली... आणि हा लेखही त्या लाजेबद्दलच आहे. मामांचे गुण गाणारे पुष्कळ आहेत, ते काम त्यांनी करावं.

माझं आजोळ बोटीवाल्यांचं. आजोबा सारंग, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचे मुकादम, थोरले दोन्ही मामाही बोटीवर. दत्तूमामाही बारावी होऊन मुंबईला गेले आणि बोटीच्या भरतीची मेडिकल तपासणी उरकून परत आले. मग म्हणाले, “मला समुद्र लागतो.” झालं! सारंगाच्या पोराला समुद्र लागतो म्हटल्यावर लोक सोडतात होय? लग्नकार्यात हमखास कोणीतरी विचारायचं, “दत्तू, खाडी ओलांडायचीय, लिंबू घेतलंस ना?” मामा सगळ्यांबरोबर हसायचे. मी मात्र त्यांच्याबरोबर मिरकरवाड्याच्या बंदरातून मचव्यावर, त्या लहान होडीवर, गेलोय. लाटांनी माझ्या पोटात ढवळत होतं आणि हा माणूस पाय पसरून तळलेल्या सुरमईवर ताव मारत होता. तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

पुढे माझी पाळी आली. मेडिकलच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढ्यात धरलं आणि आकडे वाचायला सांगितलं. मला आकडे दिसेचनात, नुसते ठिपके. लाल आणि हिरवा मला वेगळे दिसत नाहीत हे तिथे कळलं. समोरून येणारी बोट कुठल्या अंगाने चाललीय ते रात्री तिच्या लाल-हिरव्या दिव्यांवरून ओळखतात, तेव्हा आमच्यासारख्याला डेकवर कोण ठेवणार! डॉक्टर सहज म्हणाले, “हे आईकडून येतं. तुमच्या मामांना आहे का?” मी म्हटलं, “छे, त्यांना समुद्र लागतो.” आणि घरी येऊन सांगितलं की कानात दोष निघाला. डोळ्यांत खोट आहे हे सांगायला जीभ रेटेना. तेव्हापासून आई माझ्याशी ओरडून बोलते.

नोकरी मिळेपर्यंत मी मामांच्या हाताखाली लागलो. माळनाक्याजवळ त्यांचा सायबर कॅफे होता. पुढे गिऱ्हाइकांचे संगणक आणि मागच्या खोलीत लिनक्सचं एक यंत्र, तेच एका फोनलाइनवरून सगळ्यांना इंटरनेट पुरवायचं. ते बसवून देणाऱ्या पुण्याच्या पोराने पडद्यावर एक काळी खिडकी उघडून ठेवली होती. तिला टर्मिनल म्हणायचं. तिच्यात सतत फुल्या उमटायच्या. लाइन चालू असली की हिरव्या, तुटली की लाल. शब्द एक नाही! “लहान मूलसुद्धा ओळखेल,” असं म्हणून तो पुण्याला गेला.

मग आमचा खेळ सुरू झाला. मामा पुढून विचारायचे, “लाइन चालू आहे ना रे?” मी म्हणायचो, “तुम्हीच बघा ना, मामा.” ते यायचे, फुल्यांकडे बघायचे, मग माझ्याकडे. “हिरव्याच दिसतायत की...” मी म्हणायचो, “होय तर, हिरव्याच.” त्यांनी म्हटलं म्हणून मी म्हणायचो, आणि मी मान डोलावली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

एकदा भाट्ये गावच्या एक वहिनी आल्या. नवरा बोटीवर, त्याचं ई-मेल बघायला त्या नेमाने यायच्या. आम्ही तो खेळ खेळलो, त्यांचं पान उघडलं, नवीन काही नव्हतं. “नाय आलं?” “नाय, वहिनी.” त्या गेल्या. दुपारी एक प्राध्यापक मागच्या खोलीत डोकावले. “अहो, हे सगळं लाल आहे की! पार वरच्या ओळीपासून! सकाळपासूनच बंद दिसतंय!” लाइन मेलेली होती. आम्ही वहिनींना दाखवलं ते यंत्राने साठवून ठेवलेलं जुनं पान होतं. खरं पत्र दुसऱ्या दिवशी उघडलं. नवऱ्याची बोट आदल्याच रात्री मुंबईला थांबणार होती, निघून ये, असं त्याने लिहिलं होतं. बोट तोवर सुटली होती. वहिनी खुर्चीतून उठल्याच नाहीत. “एकच रात्र व्हती वो...” म्हणाल्या, आणि मग एकदम, “तुमचे डोळे काय फुटले व्हते?”

मामांचा चेहरा मी पाहिला. रागावलेला नव्हता, पकडला गेलेला होता. मी तो लगेच ओळखला, कारण माझाही तसाच झाला असणार. ‘तुमच्या मामांना आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं. “चूक आमची, वहिनी,” मामा एवढंच म्हणाले. डोळ्यांचं सांगून टाकलं असतं तर निदान वहिनींना कारण तरी कळलं असतं. त्यापेक्षा आम्हाला निष्काळजी ठरणं परवडलं.

रविवारी कॅफे बंद ठेवून मामा मॅन्युअल घेऊन बसले. “रंग जरा बदलूया. हे कंटाळवाणे वाटतात,” म्हणाले. टर्मिनलचे रंग एका फायलीत नंबराने लिहिलेले असतात. मामांनी लाल रंगाच्या नंबरापुढे पिवळा लिहिला, यंत्राला फाइल पुन्हा वाचायला लावली. फोनची वायर उपसून बघितली, लावून बघितली, फुल्या तशाच. खिडकी बंद करून उघडली. तशाच! करून बघायला साध्या अक्षरांत एक लाल ओळ उमटवली तर ती पिवळी व्हायची, पण फुल्या ढिम्म हलेनात. “शिंच्या,” मामा यंत्राला म्हणाले, “माझ्याशी लपाछपी?” जेवणं झाली, चहा झाला, तेव्हा मॅन्युअलमध्ये सापडलं. रंगांचे दोन संच असतात, एक साधा, एक उजळ, आणि ठळक अक्षरं उजळ संचातून रंग उचलतात. फुल्या ठळक होत्या. आम्ही साधा लाल बदलत बसलो होतो. उजळ लालही पिवळा केला, हिरव्याच्या जागी निळा घातला, आणि मामांनी फोनची वायर उपसली. फुल्या पिवळ्या झाल्या. वायर लावली, निळ्या. मामांनी वायर पुन्हा उपसली. पुन्हा लावली. असं किती वेळा केलं असेल!

“पिवळा बरा, मामा. फसवत नाही,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुझ्या कानाचं कसं आहे आता?”

“बरं आहे. तुम्हाला समुद्र लागतो अजून?”

“लागतो ना,” म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

तेव्हा बोललो असतो तर! नंतर कित्येक वर्षं आम्ही भेटत राहिलो आणि तो विषय कोणी काढला नाही. परवा मामांच्या दिवसांत मामी सहज म्हणाली, “ह्यांना तांबडं दिसत नसे, ठाऊक आहे ना तुला? लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला जास्वंदीखाली उभे राहून म्हणाले, आज एकही फूल नाही. झाड फुलांनी भरलेलं! तेव्हापासून मीच फुलं काढत आले. त्यांना वाटायचं, मला कळलं नाही. म्हटलं राहू दे, कशाला त्यांना खाली बघायला लावायचं?” जन्मभर लपवलेली गोष्ट घरात पहिल्या वर्षीच उघडी पडली होती. मला मामांची कीव आली आणि माझी किळस.

कॅफेची मागची खोली आवरायला माझी देवरूखची बहीण आणि तिचा मुलगा ओंकार आले होते. बारावीचा पोरगा. बोटीवर जायचं वेड, पुढच्या महिन्यात मेडिकल. यंत्र अजून चालू होतं, काळ्या खिडकीत मामांच्या निळ्या फुल्या उमटत होत्या. मी फायलीतल्या मामांच्या ओळी तेवढ्यापुरत्या बंद केल्या. मूळचे लाल-हिरवे परत आले असणार, मला कुठे दिसतात! वायर एकदा उपसली, पुन्हा लावली. विचारलं, “ओंकार, यातल्या लाइन तुटल्यावरच्या फुल्या कुठल्या?”

तो पडद्याकडे बघत राहिला. मग माझ्या चेहऱ्याकडे. मग हसला.

“तुम्हीच बघा ना, मामा.”

मी मामांचे रंग परत लावले. पिवळा, निळा. खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

“ओंकार,” मी म्हटलं, “माझा कान ठणठणीत आहे.”