स्वेच्छेने गेली

“उभ्या राहा, ताई. वाक्य मोठ्यानं म्हणा.”

जालन्यात कायद्याचं प्रशिक्षण होतं. संस्थांमधून स्वयंसेवकांचं काम बघणारे आम्ही सगळे जमलो होतो. शिकवणारे वकील आमच्या संस्थेच्या सचिवांचे मित्र. त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं: ‘स्वयंसेविका स्वेच्छेने गेली होती.’

मी उभी राहिले. वाक्य मनातच वाचलं.

“मराठीच आहे,” वकील म्हणाले. “तुमच्या जाफराबादला वेगळी बोलतात का?”

हॉल हसला. सचिवही हसले.

माझी धाकटी बहीण आमच्याच संस्थेची स्वयंसेविका होती. मुलींची बैठक घ्यायला टेंभुर्णीला निघाली आणि वाटेत जीप उलटली. ती वाचली नाही. त्याला वर्षही झालं नव्हतं. आई-वडिलांनी संस्थेवर दावा केला होता. त्यात माझी साक्ष व्हायची होती.

म्हणून सकाळपासूनच मला सगळ्यांचं वागणं जरा जास्तच गोड वाटत होतं. कधी नीट हाक न मारणारे सचिव मला ताई म्हणत होते. आग्रहानं पहिल्या रांगेत बसवलं होतं.

वकील समजावत होते, “स्वयंसेवकाला ‘जा’ म्हणायचं नाही. ‘जमलं तर बघा’ म्हणायचं. ‘जा’ म्हटलं की हुकूम. हुकूम आला की संस्थेवर जबाबदारी आली.”

मागून परतूरचा एक कार्यकर्ता बोलला, “मंग सर, आम्ही इतके दिवस हौसेनंच जीपला लटकून राह्यलो म्हणा की!”

पुन्हा हशा. मी मात्र फळ्याकडे बघत होते. हे वाक्य आज माझ्या तोंडी बसवायचं होतं. उद्या साक्षीत तेच बाहेर यावं म्हणून.

जीप उलटली त्या सकाळी मी बहिणीशेजारीच बसले होते. तिला ताप होता. फोन स्पीकरवर होता. सचिव म्हणाले, “बिलकुल कारणं सांगू नको. देणगीदार आलेत. जल्दी निघ.” चप्पल घालताना ती मला म्हणाली, “आक्का, यांच्या पाव्हण्यापायी माझा ताप बी लाजून पळाला बघ.”

आपल्या भाषेत ‘गेली’ म्हणजे वारलीसुद्धा. स्वेच्छेने गेली. असं लिहिलं होतं फळ्यावर, माझ्या बहिणीबद्दल.

सचिव वाकून हळूच म्हणाले, “म्हणून टाका ना, ताई. शब्दच आहेत.”

“ती गेली न्हाई,” मी म्हणाले. “तुम्ही पाठवली तिला.”

पुस्तकातली मराठी बोलणारी मी. हे वाक्य आईच्या बोलीत आलं. मोठ्यानं आलं.

कुणी हसलं नाही. वकिलांनी फळा पुसला. सचिवांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

तेव्हापासून सचिव घरी येतात. आईची तब्येत विचारतात. साक्षीला संस्थेच्या गाडीनं चला म्हणतात. मी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवते. काय बोलायचं ते मी कोर्टासाठी राखून ठेवलंय.

मी एसटीनं जाणार आहे. नोकरी जाईल, ते धरून चालले आहे. फोनवरचं त्यांचं बोलणं शब्दन् शब्द सांगेन. हे कोण बोललं, असं विचारतील. तेव्हा सचिवांचं नाव घेईन, पूर्ण नाव, त्यांच्याकडे बघून.