कप्तानीणकाकू आणि जपानी बाळ्या

"मागं फिर मेल्या, औषध संपलं तुझं!" ही आरोळी ऐकून मांडवीच्या आमच्या आळीत आलेला नवखा माणूस दचकून थांबायचा. जुन्यांना ठाऊक असे, की कप्तानीणकाकू टीव्हीतल्या बाळ्याला रागावताहेत.

काकूंचे यजमान कप्तान वगैरे नव्हते, बोटीच्या इंजिनखान्यात तेलपाण्याचं काम करत. पण काकूंची हुकूम सोडण्याची तऱ्हा अशी, की आळीने त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती. यजमानांनी एका फेरीत जपानहून खेळाचं यंत्र आणलं, त्याला चालेल असा टीव्ही आणला, विजेचा दाब उतरवणारं एक जड खोकं आणलं. पडद्यावर मोकळा मुलूख, डोंगर, गुहा, राक्षस आणि त्यात कुठेही भटकणारा, तलवार घेतलेला एक बोटभर पोरगा. काकूंनी त्याचं नाव बाळ्या ठेवलं. यजमान सुट्टीभर खेळले, पण नदीवरच्या पुलापलीकडे काही त्यांना जाता आलं नाही. "माझ्यानं झालं नाय, तुझ्यानं काय होतंय," एवढं बोलून ते बोटीवर गेले. झालं. गणपतीला ते घरी येतील तेव्हा त्यांना खेळाच्या टोकाला असलेल्या काळ्या किल्ल्याचा शेवटचा दरवाजा दाखवायचाच, असं काकूंनी मनाशी पक्कं केलं.

मी तेव्हा कराडहून आलेली नवी प्राथमिक शिक्षिका, काकूंच्या पडवीलगतच्या खोलीत भाड्याने राहणारी. समुद्राला भीत होते, माशांच्या वासाला भीत होते, मुख्याध्यापकांना तर फारच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की काकू मला जेवायला घालत आणि मग खेळाची बटणं हातात देत. पहिल्याच दिवशी मी गावाबाहेर पडले, दिसेल त्याच्यावर तलवार चालवली आणि मिनिटभरात बाळ्याला मारून घेतलं.

"बाई, तू शाळेत गेलीस तेव्हा पयल्याच दिवशी छडी घेतलीस काय हातात?" काकूंनी विचारलं. "आदी गाव फिर. सगळ्यांशी बोल."

"पण काकू, ते जपानीत बोलतात."

"बोलू दे गो. तू इथं आलीस तेव्हा आमचं तरी काय कळत होतं तुला?"

मग त्यांची शिकवणी सुरू झाली. बाळ्याच्या जखमा भरणारं औषध निम्मं जायला, निम्मं यायला. निम्मं संपलं की कितीही पुढे गेलेला असो, बाळ्याने माघारी फिरायचं. मोठा राक्षस भेटला तर लगेच मारायला धावायचं नाही. "आदी नुसतं नाच त्याच्यापुढं. त्याचा हात कुठनं येतो ता बघ. मग मार." हा सल्ला मी मुख्याध्यापकांच्या बाबतीत वापरून पाहिला. फक्त नाचले नाही, एवढंच. आठवडाभर गप्प राहून बघितलं, तर ते चहाच्या आधी ओरडतात आणि चहानंतर निवळतात असं ध्यानात आलं.

खेळ थांबवताना पडद्यावर अठरा जपानी अक्षरं येत. ती उतरवून ठेवायची. पुन्हा तीच भरली की बाळ्या सोडला तिथूनच उभा राही. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी त्या अक्षरांना आपली नावं दिली होती: कोयती, गळ, कोळंबी, दोन काठ्या. कालवणाच्या डागांनी भरलेल्या वहीत त्या ती एकेक करून चितारत आणि त्यांची एकदाही चूक झाली नाही.

चूक मी केली. गणपतीला दोन महिने राहिले होते, बाळ्या काळ्या किल्ल्याशी पोचला होता. वहीचं ते पान ओलं होऊन फाटायला आलं, म्हणून मी हौसेने म्हटलं, "द्या, मी सुवाच्य अक्षरात उतरवून देते." दिलं उतरवून. काकूंनी जुनं पान बंबात घातलं. पुढल्या शनिवारी अक्षरं भरायला बसलो, तर यंत्र घेईना. काकूंनी माझा कागद उजेडात धरला. अठराच्या अठरा अक्षरांवर मी डावीकडून उजवीकडे झोकात शिरोरेखा ओढली होती. पोरांना रोज 'रेघ द्या रे' म्हणून ओरडणारा हात तो, त्याला राहवलं नव्हतं. आता कुठल्या अक्षराच्या डोक्यावर मुळात काठी होती आणि कुठल्याच्या नव्हती, हे ओळखणार कोण? जमेल तेवढ्या तऱ्हा करून पाहिल्या. वर्षभराची मेहनत एका रेघेखाली गेली.

मला रडू फुटलं. काकूंनी यंत्र बंद केलं. मी खोलीत गेले आणि कराडकडे बदली मागणारा अर्ज लिहायला घेतला. हे गाव माझं नाही, इथे मी नुसतं बिघडवते आहे, असं तेव्हा अगदी खरं वाटलं होतं. तेवढ्यात काकू दारात आल्या.

"काय लिवतंस?"

मी सांगितलं.

"बाळ्या गेला ता गेला. वाटा गेल्या काय? त्या माज्या डोक्यात हायत, थोड्या तुझ्या. चल ऊठ, गावात सगळ्यांशी परत बोलायला हवं."

जे करायला वर्ष लागलं होतं ते आम्ही दोघींनी सात आठवड्यांत केलं. गणपतीला यजमान आले. काकूंनी त्यांना पाटावर बसवलं, दरवाजा दाखवला, मग खेळ पहिल्यापासून सुरू करून बटणं त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अहो, आदी गाव फिरा." तेव्हाच्या काकूंच्या चेहऱ्याइतका समाधानी चेहरा मी कुणाचाच पाहिलेला नाही. माझा अर्धा लिहिलेला अर्ज पाठकोरा म्हणून बाळ्याच्या वाटांचा नकाशा काढायला काकूंच्या कामी आला.

मी आठ वर्षं राहिले. लग्न ठरून निघाले, तेव्हा एसटी स्टँडवर काकूंनी एक घडी घातलेला कागद हातात दिला. आत काळ्या किल्ल्यापर्यंतची अठरा अक्षरं होती. आणि वर माझं नाव: सुमन. आठ वर्षं त्यांनी मला 'बाई' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. नावावर शिरोरेखा नव्हती.

"काकू, रेघ राहिली," मी म्हटलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"मुद्दाम नाय दिली. मागच्या खेपेसारखं नको व्हायला. परत येशील तेव्हा बाळ्यासारखी सोडलंस तिथनं तूच उभी ऱ्हायला हवीस, दुसरी कोण नको."

मला काकूंची फार आठवण येते. तो कागद माझ्या कपाटात आहे. पुढे जन्मभर मी पोरांच्या वह्यांत राहिलेल्या रेघा ओढत आले, पण त्या नावावर अजून ओढलेली नाही.