खाडीतल्या तिसऱ्या आणि विहिरीचे पाणी

मंडळी, कन्हान नदीच्या वाळूत जोडशिंपला पुस्तकासारखा उघडा पडलेला आपण पाहिला असेल. मेल्यावर तो मिटत का नाही?

आज सकाळी बहिणीने रत्नागिरीहून पाठवलेला डबा आला. बोटीने मुंबईला, तेथून मेलगाडीने नागपूरला. आत ओल्या गोणपाटात आमच्या खाडीच्या वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे लहान जोडशिंपले होते; घट्ट मिटलेल्या, म्हणजे जिवंत. येथे माझ्या घरचे दुसरे कोणी नाही. या तरी जगाव्यात, असे फार वाटले.

शाळेतून परतलो, तर शेजारच्या गंगूबाईंनी त्या बादलीभर विहिरीच्या पाण्यात सोडलेल्या. बहुतेक उघडल्या होत्या.

"तहानल्या असतीन बिचाऱ्या, म्हणून टाकल्या. काहून असे पाहून राहिले, मास्तर?"

"बाई, त्यांना खारे पाणी लागते. गोड्या पाण्यात त्या मरतात."

"मंग इतक्या दूर काहून आणल्या त्याईले?"

मी बादलीतले पाणी ओतून दिले.

शिंपल्याच्या बिजागरीतला लवचीक बंध त्याला सतत उघडू पाहतो. आतले स्नायू जोर लावून तो मिटून धरतात. जीव गेला की जोर संपतो.

संध्याकाळी मी एकेक तिसरी टकटकवली. अखेरीस एक सावकाश मिटली. तिला मिठाच्या पाण्यात ठेवून हे लिहीत आहे.

उघडा शिंपला सापडला तर बोटाने हलकेच टकटक करून पाहा. मिटला तर जिवंत. मात्र जरा थांबा. थकलेला जीव उशिरा उत्तर देतो.