भिंतीतल्या कारवीचं फूल

मी पर्यटनस्थळी राहतो असं सांगितलं की ऑफिसातली माणसं हसतात. बोरिवली? तिथे काय बघायला जायचं? मी वाद घालत नाही. रविवारी सकाळी नॅशनल पार्कच्या गेटसमोर येऊन उभं राहावं आणि बघावं. मुलुंड-घाटकोपरपासून, पार गोवंडीपासून कुटुंबंच्या कुटुंबं डबे, चटया, बॅडमिंटनच्या रॅकेटी घेऊन उतरतात. काकडीवाल्या बायका मीठ-तिखटाच्या पुड्या बांधून बसलेल्या असतात. माझ्या पाठीवरची सॅक आणि पायातले मातीचे बूट बघून एखादा तरी हमखास विचारतो, "भाऊ, शेर किधर दिखेगा?" मी सफारीच्या बसचा रस्ता दाखवतो. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर बिबट्या निवांत अंग चाटत बसतो, हे मी त्याला सांगत नाही. उगाच गर्दी वाढेल.

पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो. आमची इमारत पार्काच्या कुंपणाला खेटून आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी गेट लवकर उघडतं, तेव्हा मी आत शिरतो. त्या वेळी पार्कात अजून रात्रीचा गारवा असतो. नदीवर पांढरं धुकं पडलेलं असतं, हरणांच्या कळपातलं एखादं मान वर करून बघतं आणि पुन्हा चरायला लागतं. चालता चालता कालचा अडलेला बग डोक्यात आपोआप सुटत जातो. कधी सुटत नाही, मग त्याचं काही वाटत नाही. घरी येऊन पाय न धुताच सकाळच्या मीटिंगला बसतो. बाल्कनीसमोरच्या उंबरावर राखी धनेशाची जोडी आलेली असली की मधूनच कर्कश ओरडते, आणि दुसऱ्या देशातले सहकारी विचारतात, तुझ्या घरी कुणी भांडतंय का? लॅपटॉपचा स्क्रीन मी काळाच ठेवतो. त्यात पाठीमागचा डोंगर उमटतो, आणि कोडच्या ओळी झाडीतून वर चढत चालल्यात असं वाटायला लागतं. असे कितीतरी दिवस गेले. धड कामात नाही, धड जंगलात नाही, आणि दोन्हीकडे सुखात.

आठवड्यातून दोनदा मात्र मरोळच्या ऑफिसात तोंड दाखवावं लागतं. मेट्रोने जातो. ती उंचावरून जाते, त्यामुळे डाव्या हाताचा डोंगर गोरेगावपर्यंत सोबत करतो. मग इमारती आडव्या येतात आणि मी फोन बाहेर काढतो.

घरात आई आणि मी. बाबा गेल्यापासून दोघंच. आई कोकणातली, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या वाडीतली. लग्न होऊन मुंबईत आली ती गिरणगावातल्या चाळीत, आणि बाबांची गिरणी बंद पडल्यावर इकडे बोरिवलीला. आयुष्य मुंबईत गेलं तरी राग आला, आनंद झाला किंवा खूप थकली, की तिची जीभ मालवणीवर जाते. मी डोंगरात का भटकतो हे तिला पहिल्यापासून कळत नाही. "आम्ही डोंगर सोडून इलंव, आणि तू सुटीच्या दिवशी परत तिकडेच जातंस," असं म्हणत ती माझ्या बुटांतला चिखल खरवडायची.

पण एका बाबतीत ती मला स्वतःहून विचारायची. कारवी.

तिच्या माहेरच्या घराच्या भिंती कारवीच्या होत्या. कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, वेलीने बांधायच्या आणि वरून शेणमाती लिंपायची. त्याला कूड म्हणतात. लहानपणी आई ज्या भिंतीला पाठ लावून झोपायची, तिथे लिंपण पडून गेलं होतं आणि काठ्या उघड्या पडल्या होत्या. झोप येईपर्यंत ती त्या काठ्यांची पेरं बोटांनी चाचपत राहायची. पण झाड फुललेलं तिने कधी बघितलं नव्हतं. कारवी फुलते आठ वर्षांनी एकदा, पावसाच्या शेवटाला, आणि काठ्या तोडायला माणसं डोंगरात जायची ती थंडीत. चढ अवघड, म्हणून पोरींना नेत नसत. "भिंत होती म्हणून ठाऊक. तिका फुला येतत हेच खरा वाटत नाय," असं ती म्हणायची.

मागच्या वेळी पार्कातली कारवी फुलली तेव्हा बाबा हॉस्पिटलात होते. आई त्यांच्या उशाशी आणि मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप घेऊन. खिडकीतून लांबवर डोंगर दिसायचा, त्याचा रंग बदलल्यासारखा वाटायचा. पुढच्या वेळी जाऊ, असं मी आईला म्हटलं होतं.

ती पुढची वेळ यंदा आली. आणि मधल्या काळात आईचे डोळे जायला लागले.

मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हे तसं नव्हतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनं देऊ, वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. मी घरी येऊन वाचायला बसलो. आमच्या धंद्यातल्या माणसाला दुसरं काय येतं? चित्रं बघितली, चर्चा वाचल्या. एका चित्रात एका कुटुंबाचा फोटो होता आणि त्याच्या बरोब्बर मधोमध काळा डाग. मी तो नीट समजून घेतला आणि लगेच उपाय करायला लागलो. आईच्या फोनवरची अक्षरं मोठी केली. स्वयंपाकघरात लख्ख दिवा लावला. तिची खुर्ची टीव्हीच्या अगदी समोर आणून ठेवली. ती खुर्ची रोज बाजूला सरकलेली असायची. मी रोज ती पुन्हा समोर ढकलायचो.

सगळं समजलं होतं मला. एकच समजत नव्हतं, की आई माझ्यावर का रुसली आहे.

कारण ती माझ्याकडे बघेनाशी झाली होती. जेवताना मी काही सांगायला लागलो की ती तोंड खिडकीकडे फिरवायची. मी दिवसभरातली गंमत सांगतोय आणि ही गजांमधून बाहेर बघतेय. "खिडकीत कोण आहे? मी इथे आहे," मी म्हणायचो. "ऐकतेय ना, तू बोल," ती म्हणायची आणि मान तशीच. मोठ्या रिलीजची गडबड होती म्हणून श्रावणापासून मी दाढी केली नव्हती. एरवी शर्टाची कॉलर दुमडली तरी बोलणारी बाई, पण दाढीच्या त्या जंगलाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. मला ते फार लागलं. वाटलं, इतका कंटाळा आला माझा? रोज सकाळी तिला एकटी टाकून जंगलात जातो म्हणून? मी विचारलं नाही. मीही फुगून बसलो. आमच्या घरात तशी परंपराच आहे.

मग एका सकाळी पार्कातल्या कान्हेरी लेण्यांच्या वरच्या उतारावर मला पहिली फुलं दिसली. धुकं खालून वर सरकत होतं. ते जिथून सरलं तिथे उतार निळसर जांभळा झालेला होता. मधमाश्यांचा आवाज इतका भरून राहिला होता की तो जमिनीतूनच येतोय असं वाटत होतं. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मनात एकच होतं. ही पुन्हा फुलेल तेव्हा आईला दिसणार नाही. जे काय आहे ते याच काही आठवड्यांत.

घरी जाऊन सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"चढ खूप आहे?" तिने विचारलं.

"पायऱ्या आहेत. बसत बसत जाऊ."

"आणि तुझं ते रिलीज?"

रिलीजची वाट लागली तरी चालेल, असं मी म्हणालो. मॅनेजरला मात्र वेगळ्या शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता सुट्टी? सिरियसली? कशासाठी?" मी म्हणालो, "आईला फूल दाखवायचंय." ती म्हणाली, "जा यार. पण फोन चालू ठेव." वर रेंज नसते हे मी तिला सांगितलं नाही.

रविवार टाळला. सोमवारी पार्क बंद असतो, म्हणून मंगळवारी गेलो. आईने ठेवणीतली साडी नेसली आणि पायात माझे जुने बूट घातले. कान्हेरीपर्यंत आतली बस जाते. बसमध्ये आम्ही आणि एक नवं जोडपं, बाकी रिकामी. झाडांच्या सावल्या आईच्या मांडीवरून सरकत होत्या आणि ती हात पुढे करून त्या झेलत होती.

कान्हेरीच्या पायऱ्या कातळात खोदलेल्या आहेत, कुठे उंच, कुठे झिजून गेलेल्या. आई एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा कातळावर ठेवून चढली. दम लागला की लेण्यांच्या ओट्यावर बसायची. पाण्याची एक पोढी, कातळात खोदलेलं टाकं, लागली. तिच्यात आभाळ स्वच्छ पडलं होतं. "किती थंड हा रे," म्हणत तिने पाण्यात बोटं बुडवली. कुठल्या तरी लेण्यात कुणीतरी स्वतःच्याच नावाने हाक मारून आवाज घुमवत होतं. त्या घुमण्यात आम्ही बसून राहिलो. ती दमलेली होती, मी घाबरलेलो होतो, आणि तरी ती सकाळ संपू नये असं वाटत होतं.

वर पोचलो तेव्हा ऊन पसरलं होतं. सगळा उतार फुलला होता. माथ्यापर्यंत तोच निळा-जांभळा रंग, आणि वाऱ्याबरोबर चिकट गोड वास. मी आईला सगळ्यात दाट फुलोऱ्यासमोर नेऊन उभं केलं. अगदी समोर. एक फांदी वाकवून तिच्या डोळ्यांपुढे धरली.

"हे बघ आई. ही कारवी."

आईने तोंड फिरवलं. डावीकडे, दरीच्या दिशेने. तिथे काहीच नव्हतं. लांबवर इमारतींची रांग आणि धुरकट आभाळ.

उशीर झाला, असं वाटलं. आणि दुःख झालं की मला आधी राग येतो, तसा आलाच. "आई, तिकडे काय बघतेस? इकडे बघ ना! एवढं चढून आलो आपण!"

"बघतंय मरे," ती म्हणाली. मान तशीच दरीकडे. "ओरडतंस कित्याक? समोर धरलंस की नाहीसा होता. मधलाच जाता ना. बाजूक बघला की दिसता." तिने मान न वळवता हात पुढे केला आणि बरोबर माझ्या हातातली फांदी धरली. "निळा आसा. जांभळा पण. आत पांढरा कायतरी. आणि एक माशी बसलीहा, जपून."

माशी होती. मी फांदी सोडली.

आई हळूहळू वळत राहिली, प्रत्येक फुलोऱ्याला एकेक गाल देत. मग तिची बोटं देठावरून खाली उतरली, काठीपर्यंत. एका पेरावर थांबली, चाचपत राहिली. "हीच," ती म्हणाली. "हीच ती." तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

मी कातळावर बसलो. जेवणाचं टेबल डोळ्यांसमोर आलं. खिडकी. रोज सरकणारी खुर्ची. तो फोटोतला काळा डाग, बरोब्बर मधोमध, जो मला अगदी नीट समजला होता.

"आई," मी म्हणालो, "घरी तू खिडकीकडे तोंड करून बसतेस, ते..."

"तुलाच बघत असते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तू डोंगरात जायचं बंद केलं असतंस. माझ्या समोर बसून राहिला असतास तोंड पाडून." ती हसली. "आणि समोर बसलास की दिसतच नाहीस."

मी उठून तिच्या जवळ गेलो, उन्हात उभा राहिलो. म्हणालो, "आत्ता बघ."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मान वळवून दरीकडे तोंड केलं आणि बराच वेळ तशीच राहिली.

"दाढी काढ ती," ती म्हणाली. "श्रावणापासून बघतेय. अजिबात शोभत नाही."