ऑर्लिंडाचं बावीस पॉइंट चार

लिटर हा शब्द दिसला की ऑर्लिंडा ट्रुहियो बावीस पॉइंट चारने भागायची. मग ते लिटर वायूचे असोत, आम्लाचे असोत, नाहीतर दुधाचे. वायूचा एक मोल बावीस पॉइंट चार लिटर जागा घेतो, हे कुणीतरी तिच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं होतं. बाकी सगळा आनंद.

मी इथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या सांभाळते आणि अडलेल्यांना गणितं शिकवते. माझं तोंड वाईट आहे, हे डोंगरातल्या या अख्ख्या लेडव्हिल गावाला माहीत आहे. तरी ही बाई हॉटेलच्या धुलाईखान्यातली पाळी संपवून रोज माझ्यासमोर येऊन बसायची. चाळिशी उलटलेली, हात ब्लीचने सोललेले. बाप खाणीत फुप्फुसं घालवून ऑक्सिजनची नळी लावून घरी पडलेला. त्याच्याकडे बघूनच हिला श्वासोपचाराचा कोर्स करायचा होता. पण रसायनशास्त्र सुटल्याशिवाय तिथं प्रवेश नाही, आणि दोनदा ती आपटली होती. तिसऱ्यांदा आपटली की दार कायमचं बंद.

"अगं बाई, ते आम्ल आहे, वारा नाही! तीव्रता दिलीय ना? तिला लिटरने गुणायचं, मोल मिळतील."

"बर्निस, ओरडू नकोस गं. तू ओरडलीस की येतं तेवढंही विसरते."

"मग काय, मांडीवर घेऊन थोपटू?"

ती हसायची आणि हसता हसता डोळे पुसायची. शेवटी मी तिला एक सवय लावली. आकडा दिसला की आधी स्वतःला विचारायचं, पाणी की वारा? हळूहळू गणितं सुटायला लागली. मला मेलीला वाटलं, जिंकलो आपण.

परीक्षेत मी पहाऱ्यावर होते, म्हणजे तोंड शिवलेलं. प्रश्न सरळ होता. एवढ्या तीव्रतेचं एवढं आम्ल, त्यात भरपूर जस्त. प्रमाण दाबाला, शून्य अंशाला किती हायड्रोजन निघेल ते काढा. मग प्रत्यक्ष वायू नळीत जमवून मोजा, आणि फरक पडला तर कारण लिहा. ऑर्लिंडाने आम्लाचे मोल काढले, निम्मे केले, मग बावीस पॉइंट चारने गुणलं. छप्पन्न मिलीलिटर. अगदी बरोबर! मला टाळी वाजवावीशी वाटली.

मग तिने जस्त टाकलं. नळीतला वायू छप्पन्नवर आला आणि तसाच पुढं गेला. थांबला तो नव्वदच्याही पुढं.

ती नळीला डोळा लावून तो आकडा पुन्हा पुन्हा वाचत राहिली. अगं, प्रमाण दाब म्हणजे समुद्रसपाटीचा, आपण दहा हजार फुटांवर राहतो! इथली हवा विरळ, दाबायला कमी पडते, वर खोलीची ऊब, म्हणून वायू इथं ऐसपैस पसरतो. तेच तर लिहायचंय, तुझं काही चुकलेलं नाही! हे सगळं माझ्या जिभेवर होतं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. तिने रबर उचललं, छप्पन्न पुसलं आणि नव्वद आणायला कागदभर उलटेसुलटे भागाकार केले. आम्लाचे मिलीलिटरसुद्धा बावीस पॉइंट चारने भागले. वेळ संपली. प्राध्यापकांनी माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचं पाकीट चिकटवलं.

बाहेर ती नाणी टाकायच्या यंत्रातून चिप्स घेऊन बाकावर बसली होती. खालच्या शहरातून येणाऱ्या चिप्सच्या पिशव्या आमच्याकडे टम्म फुगलेल्याच असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. ती पिशवी अंगठ्याने दाबत होती. दाबता दाबता तिचा हात थांबला.

"बर्निस, ही खाली भरलेली हवा ना? वर आली की फुगते."

"हो."

"म्हणजे माझे छप्पन्नच बरोबर होते."

"हो गं."

ती उठली आणि पळतच आत गेली. प्राध्यापकांनी बंद पाकिटाला हात लावू दिला नाही, नियम तो नियम. परत आली तेव्हा न फोडलेली पिशवी तिच्या हातात तशीच होती.

"मला आलं होतं गं," ती म्हणाली. "पहिल्यांदाच आलं होतं. आता बाबांना काय सांगू?"