आप्पांचा नमुना

उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात मी लघवी तपासायचो. नोकरी पक्की होती, टेबल-खुर्ची होती, खिडकीतून चांगला उजेड यायचा, आणि तरीही आमच्या अणदुरात मला पाठीमागं ‘मुताचा साहेब’ म्हणायचे. महाराष्ट्र होऊन थोडाच काळ झाला होता. दारावरची निजामाच्या काळातली उर्दू पाटी अजून निघाली नव्हती आणि येणारे निम्मे लोक अजून ‘पेशाब’च म्हणायचे. मला कुठल्याच शब्दाची लाज वाटत नसे. पाटील असो की पिंजारी, आजारी पडला की बाटली घेऊन माझ्याच दारात उभा राहायचा.

आणि बाटल्या तरी काय एकेक. अत्तराच्या कुप्या, केसांच्या तेलाच्या शिश्या, दारूच्या चपट्या बाटल्या. बायका पदराखाली लपवून आणायच्या आणि टेबलावर ठेवून भलतीकडंच बघत उभ्या राहायच्या. एका म्हाताऱ्यानं तर तांब्याभर आणली होती, कमी पडायला नको म्हणून. मी काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचो, त्यात चार थेंब टाकायचो आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरायचो. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर साखर आहे. नुसती लघवी तापवून गढूळ झाली तर दुखणं मूत्रपिंडाचं. शेवटी एक थेंब दुर्बिणीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली. आमची विद्या एवढीच. तेवढ्यावर मी स्वतःला बराच शहाणा समजत होतो.

माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांचं अणदुरात भुसार मालाचं दुकान होतं. तूर, करडई, ज्वारी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, माझ्या आईशी, म्हणजे अव्वाशी, कानडीत बोलणार, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि सोलापूरच्या आडत्याशी दोन्हीची खिचडी. मी नेमकं काय काम करतो हे त्यांनी गावात कधी कुणाला सांगितलं नाही. पोरगं दवाखान्यात साहेब आहे, एवढ्यावर ते गप्प व्हायचे आणि गिऱ्हाइकाला तुरीचा भाव विचारायचे.

एका थंडीत मी घरी गेलो तर आप्पा सारखे मोरीकडं जाताना दिसले. जायचे, बराच वेळ उभे राहायचे आणि तोंड पाडून परत यायचे. विचारलं तर म्हणाले, उन्हाळी लागलीय. उन्हानं लघवीला जळजळ झाली की आमच्याकडं तिला उन्हाळी म्हणतात. अव्वा त्यांना रोज धण्या-जिऱ्याचं पाणी देत होती. मी म्हणालो, पौषात कसली उन्हाळी लागते? तर म्हणे, अंगातच उष्णता आहे. कंबर धरून बसायचे तेही पोती उचलल्यामुळं. प्रत्येक दुखण्याला त्यांच्याकडं घरचंच कारण तयार असायचं. मी वैतागलो. निघताना म्हणालो, पुढच्या आठवड्यात उस्मानाबादला या आणि येताना नमुना आणा. हा शब्द दवाखान्यात दिवसभर माझ्या तोंडात असायचा.

आले. नळदुर्ग, तुळजापूर करत एसटीनं आले. अव्वानं राखेनं आणि चिंचेनं घासलेली बाटली वेगळ्या पिशवीत होती, आणि ती पिशवी गळ्यातल्या लिंगापासून लांब राहावी म्हणून त्यांनी सगळा प्रवास हात ताठ धरून केला होता. मी म्हणालो, इथंच ताजी द्या. तर नाही म्हणाले, परक्या मोरीत होत नाही. मी बाटली खिडकीशी धरली. पाण्यासारखी स्वच्छ. औषध निळंच राहिलं, तापवून गढूळ झाली नाही, दुर्बिणीखाली काही दिसलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी माझा कागद बघितला आणि म्हणाले, वय झालंय, होतं असं. आप्पा खूष होऊन गेले. पुढं वर्षभर ते अधूनमधून येत राहिले आणि दर वेळी बाटली तशीच स्वच्छ. माणूस मात्र खंगत चालला होता. सदरा अंगावर लोंबायला लागला, एसटीच्या पायऱ्या चढताना कुणाचा तरी हात लागायला लागला. मी तो सदरा बघायचो आणि पुन्हा बाटली बघायचो. विश्वास बाटलीवर ठेवायचो, कारण तिच्यात मला कळत होतं.

मग एके दिवशी त्यांची लघवी पार अडकली. सोलापूरला निघालेला तुरीचा ट्रक उलटा फिरवून गावकऱ्यांनी त्यांना उस्मानाबादला आणलं. पोट टरारलेलं, ओठ कोरडे, आणि तेवढ्यातही ट्रकवाल्याचा माल खोळंबला याचीच काळजी. मोठ्या डॉक्टरांनी रबरी नळी घातली. नळीतून जे आलं ते लालभडक होतं. भांडं मी धरलं होतं. मला वाटलं, नळीनं कुठं तरी जखम झाली. आप्पांना मोकळं वाटलं तसे ते माझ्याकडं बघून हसले.

“नमुन्यावर भागलं न्हाय व्हय,” ते म्हणाले. “शेवटी पोत्यात नळी घातलीच तुमी.”

आडतीवरची पद्धत मला लहानपणापासून माहीत होती. व्यापारी नमुना नेतो तो मूठभर, पण निवडून, पाखडून, खडा काढून. त्यात लबाडी कुणी मानत नाही. नमुना चांगलाच असणार हे घेणाराही धरून चालतो. त्याला शंका आली तर तो टोकदार पोकळ नळी थेट पोत्यात खुपसतो आणि पोटातले दाणे काढून बघतो. हे सगळं माहीत असूनही मला क्षणभर काही कळलं नाही. मग त्या सगळ्या स्वच्छ बाटल्या आठवल्या.

“आप्पा, तुम्ही बाटली कधी भरायचा?” मी विचारलं.

“साफ असंल त्या दिवशी,” ते म्हणाले. “लाल दिसली की भरत न्हवतो. लई पानी प्यायचो, दोन-चार दिस वाट बगायचो. नमुना कुनी वाईट मालाचा दावतंय व्हय?”

“पण का?”

त्यांनी पांघरूण नळीवर ओढून घेतलं.

“तुज्या टेबलावर ठिवायची. तुज्या सायबानं बगायची. बापाची घान तुज्या हातात कशी देऊ?”

मला त्यांचा राग आला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि तो काढायला जागा नव्हती. ज्या हातांनी मी गावभराची घाण तपासत होतो त्या हातांची माझ्या बापाला एवढी अदब होती. मी भांडं घेऊन बाहेर गेलो आणि व्हरांड्यात उभा राहून रडलो. मळवटासारखं लाल ते भांडं हातात तसंच होतं. येणारेजाणारे बघत होते.

मग डॉक्टरांनी बोटानं आतून तपासलं. लघवीच्या पिशवीखाली पुरुषांना एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात. ती दगडासारखी टणक लागली. आम्ही सोलापूरला नेलं. तिथं सांगितलं, कर्करोग आहे, हाडांत उतरलाय. कंबर पोत्यांनी दुखत नव्हती. काही गोळ्या दिल्या, त्यांनी थोडे दिवस बरं वाटलं. आप्पा ओट्यावर येऊन बसायला लागले आणि अव्वानं पुन्हा धण्या-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. मी अडवलं नाही. तिला दुसरं काय करता येण्यासारखं होतं?

ते करडईच्या सुगीत गेले. आमच्या लिंगायतांत मयताला मांडी घालून, बसवून पुरतात. आप्पांचा मणका राहिला नव्हता. खड्ड्यात ते सारखे एका बाजूला कलायचे. मी आत उतरून त्यांच्या पाठीला हात लावून उभा राहिलो, भस्म आणि माती छातीपर्यंत येईस्तोवर. ती पाठ किती हलकी होती हे अजून माझ्या तळहाताला आठवतं.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी कुणाला नमुना आणा म्हणालो नाही. वाईट दिवसाची आणा, लाल असली तर लालच आणा, असं सांगायचो. लोक हसायचे. मुताचा साहेब जरा सटकलाय, अशी बोलवा झाली. होऊ दे म्हटलं.

आता नजर गेली आहे, नात पेपर वाचून दाखवते. परवा तिनं वाचलं, की याच कर्करोगाच्या खुणा लघवीत सापडतात का ते शास्त्रज्ञ शोधतायत. रक्त नव्हे, डोळ्यांना दिसणारं काहीच नव्हे. शरीरातल्या उलाढालीत तयार होणारी बारीक बारीक द्रव्यं, त्यांचं कमीजास्त झालेलं प्रमाण. पक्कं अजून काही नाही, पण दिसायला स्वच्छ लघवीतही त्या खुणा असू शकतात म्हणे. मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. मग पेपर मिटून ठेवायला सांगितला.

म्हणजे आप्पांनी एवढं निवडून, पाखडून आणलं, तरी खडा कदाचित त्याच बाटलीत होता. मी तो खिडकीशी धरून बघितला होता. पहिल्या वेळी मी त्यांना म्हणालो होतो, “आप्पा, एकदम साफ आहे.” त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. एसटीला वेळ होता. स्टँडवर त्यांनी मला हट्टानं चहा पाजला, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, की हा माझा मुलगा, दवाखान्यात लघवी तपासतो, आणि त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.