दिल्लीला जायचा अर्ज

पावणे गावच्या कमळाकर म्हात्रेची भातखाचरं कारखान्यांखाली गेली, तेव्हा त्यानं घराच्या पडवीला शटर लावून व्हिडिओ लायब्ररी टाकली. त्र्याण्णव सालापर्यंत त्याचा चांगला जम बसला. हळदीच्या मांडवात टीव्ही-व्हीसीआर लावायचा तर लोक कमळाकरकडंच येत.

पण कॅसेटी यायच्या एकाच शेटकडून, आणि शेटची अट होती. एक चालता पिक्चर हवा तर चार पडेल गळ्यात घ्यायचे, वर दुसऱ्या कुणाचा माल दुकानात ठेवायचा नाही. ठेवला की पुरवठा बंद. पडेल कॅसेटींनी कमळाकरची दोन कपाटं भरली. शेवटी कारखान्यांच्या पट्ट्यातल्या सहा लायब्ररीवाल्यांनी मिळून वाशीच्या वकिलाकडून दिल्लीच्या मक्तेदारी आयोगाला अर्ज लिहून घेतला. पोस्टात पडेपर्यंत कुठं बोलायचं नाही असं ठरलं. पोस्टात टाकायचं काम कमळाकरकडं आलं.

त्यानं आधी एक प्रत गावदेवीपुढं ठेवली. गावात लग्नाची पत्रिकासुद्धा पहिली देवीला जाते, मग एवढ्या मोठ्या कागदाला तिला वगळायचं कसं? देवीनं वाचला की नाही कोण जाणे, पुजाऱ्यानं वाचला, आणि सांजेपर्यंत गावानं. दोन दिवसांत शेटला कळलं आणि बाकीच्या पाच जणांनी सह्या मागं घेतल्या.

शुक्रवार उजाडला. नवा माल शुक्रवारी दुपारी यायचा, आणि तो आणणारा शेटचा माणूस म्हणजे कमळाकरच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, प्रीतम. कमळाकरनं जेवणाचं ताट तसंच सरकवलं.

"देवलात कागद ठेवाला कुनी सांगितला होता?" बायको गोजरा म्हणाली.

"सवयीनं ठेवला."

"मंग आता सवयीनं उपाशी रहा."

प्रीतम आला. काउंटरला गिऱ्हाइकं खोळंबलेली, पुढं सेक्टरातल्या नव्या इमारतीतल्या मालतीबाई. त्यानं बॅग ठेवली, पण चेन उघडली नाही.

"मामा, शेट बोलतंय, अर्ज फाड. मंगच माल भेटंल."

"आन तू काय बोलतंस?"

"माझी नोकरी हाय, मामा. मी काय बोलनार?"

कमळाकर गिऱ्हाइकांकडं वळला. अट तोंडी आहे, साक्षीदार लागेल, असं वकील म्हणाला होता.

"मालतीबाई, ऐकलंत ना? आयोगापुढं सांगाल?"

"ऐकलं हो. पण आमच्या ह्यांना विचारावं लागेल." मग बॅगेकडं बघत त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे नवा पिक्चर येणार नाही का?"

"नाय येनार," कमळाकर म्हणाला. "प्रीतम, बॅग उचल."

"मामा, इचार कर. आई माना घरात घेनार नाय."

"तिला सांग, मामानंच हाकलला."

प्रीतम तुर्भ्याच्या लायब्ररीकडं निघाला. दोन गिऱ्हाइकं त्याच्याच मागोमाग गेली. मालतीबाईही पर्स सावरत पायरी उतरल्या.

"पाच जनांनी माघार घेतली," गोजरा दारातून म्हणाली. "एकट्याच्या कागदाला दिल्लीत कोन इचारतंय?"

"माना ठाव नाय."

पोस्ट तीनला बंद होणार होतं. त्यानं शटर ओढून कुलूप लावलं. अर्ज शर्टाच्या आत पोटाशी धरून तो रस्त्याला लागला. कारखान्याच्या कोपऱ्यावर ओळखीचे दोघं उभे दिसले, तसा ते अडवून विचारतील म्हणून तो मान खाली घालून भराभर पोस्टाकडं चालू लागला.